भरलेला ऑनलाइन अर्ज मध्येच कोरा का होतो? कारणे, तपासणी आणि तक्रारीची पद्धत

शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, घरकुल, पीक विमा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला अशा बहुतेक योजना व सेवांचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात. अर्ज भरताना अनेक लाभार्थ्यांना एक अडचण येते. सर्व रकाने भरून 'जतन करा' किंवा 'सादर करा' दाबले की पान पुन्हा उघडते आणि रकाने कोरे दिसतात. कधी निम्मी माहिती राहते व निम्मी जाते. कधी अर्ज सादर झाल्यासारखा वाटतो, पण नंतर यादीत सापडत नाही.

ही अडचण दरवेळी येत नाही. त्याच केंद्रावरून काल दुसऱ्याचा अर्ज गेलेला असतो आणि आज आपला जात नाही. त्यामुळे "सर्व्हर डाऊन आहे" एवढेच उत्तर मिळते आणि लाभार्थी पुन्हा पुन्हा तोच अर्ज भरत राहतो. तेवढ्यात शेवटची तारीख निघून गेली तर शिष्यवृत्तीचे वर्ष किंवा हंगामाचा विमा हातचा जाऊ शकतो.

माहिती अधूनमधून का जाते, कारण कसे ओळखावे, अर्ज सुरक्षित कसा भरावा आणि तरीही अडचण आली तर दाद कुठे मागावी, हे या लेखात सांगितले आहे. ही माहिती कोणत्याही राज्याच्या किंवा केंद्र सरकारच्या पोर्टलसाठी उपयोगी आहे.

आधी हे समजून घ्या: सर्व्हर तुम्हाला कसा ओळखतो?

सरकारी दवाखान्यात गेल्यावर केसपेपर काढतात, त्यावर क्रमांक असतो. तो क्रमांक सांगितला की खिडकीवरचा कर्मचारी तुमचा कागद शोधतो. पोर्टलचे कामही असेच चालते. तुम्ही लॉगिन केले की सर्व्हर तुमच्या नावे एक तात्पुरती नोंद उघडतो. तिला सेशन म्हणतात. त्या नोंदीचा क्रमांक तुमच्या मोबाइल किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये ठेवला जातो. त्याला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक पानावर ब्राउझर हा क्रमांक दाखवतो आणि सर्व्हर तुम्हाला ओळखतो.

यातील तीन गोष्टी लक्षात ठेवा.

• तुम्ही रकान्यात टाइप करत असता तेव्हा ती माहिती बहुतेक पोर्टलवर फक्त तुमच्या स्क्रीनवर असते. 'जतन करा' किंवा 'पुढे जा' दाबल्यावरच ती सर्व्हरकडे जाते.
• ठरावीक वेळ तुमच्याकडून काही आले नाही, तर सर्व्हर ती तात्पुरती नोंद काढून टाकतो.
• म्हणून तुम्ही ४० मिनिटे सलग टाइप करत असलात, तरी सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही ४० मिनिटे गप्प बसलेले असता.

माहिती जाण्याची मुख्य कारणे

१. सेशनची वेळ संपणे

हे सर्वात जास्त आढळणारे कारण आहे. अनेक संकेतस्थळे पीएचपी या संगणक-भाषेत बनवलेली असतात. तिच्या मूळ सेटिंगनुसार सेशनची मुदत १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. इतर काही प्रणालींमध्ये ती मुळात २० किंवा ३० मिनिटे असते. पोर्टल चालवणारा विभाग सुरक्षेसाठी ही मुदत आणखी कमी ठेवू शकतो.

पीएचपीमध्ये मुदत संपलेल्या नोंदी त्याच क्षणी पुसल्या जातातच असे नाही. साफसफाई अधूनमधून होते. म्हणून २६ मिनिटांनी एकाचा अर्ज जतन होतो आणि दुसऱ्याचा कोरा होतो.

ओळखण्याची खूण: बटण दाबल्यावर लॉगिनचे पान येते किंवा "सेशन संपले आहे" असा संदेश येतो. थोडे थोडे भरून जतन केले की अडचण येत नाही.

२. कागदपत्रांचे एकूण वजन जास्त होणे

पोर्टलवर "प्रत्येक फाइल २ एमबीपेक्षा लहान असावी" असे लिहिलेले असते. पण सर्व्हरवर संपूर्ण अर्जाच्या वजनाचीही वेगळी मर्यादा असते. पीएचपीमध्ये मूळ सेटिंगनुसार एका फाइलची मर्यादा २ एमबी आणि एका वेळी पाठवलेल्या सर्व माहितीची मर्यादा ८ एमबी असते.

समजा, प्रत्येक कागद दीड एमबीचा आहे. पाच कागद मिळून साडेसात एमबी होतात आणि अर्ज जातो. सहावा कागद जोडला की नऊ एमबी होतात. प्रत्येक फाइल नियमात असूनही एकूण वजन मर्यादेबाहेर जाते. अशा वेळी सर्व्हर फाइलबरोबर टाइप केलेली माहितीही स्वीकारत नाही. म्हणून पाच कागद लागणाऱ्या अर्जदाराचा अर्ज जातो आणि सहा कागद लागणाऱ्याचा अडतो.

ओळखण्याची खूण: नाव भरलेले असूनही "नाव भरणे आवश्यक आहे" असा संदेश येतो, किंवा ४१३ हा आकडा दिसतो.

३. एकाच पोर्टलमागे अनेक सर्व्हर असणे

शेवटच्या तारखेच्या आसपास लाखो लोक एकाच वेळी येतात. हा भार वाटून घेण्यासाठी पोर्टलमागे अनेक सर्व्हर ठेवलेले असतात. तुमचा केसपेपर खिडकी क्रमांक एकवर आहे आणि पुढच्या वेळी तुम्हाला खिडकी क्रमांक तीनवर पाठवले, तर तिथला कर्मचारी म्हणणार, "तुमचा कागद इथे नाही." सर्व सर्व्हरना एकच सामायिक नोंद दिसेल अशी व्यवस्था नसेल किंवा ती बिघडली असेल, तर असेच होते.

ओळखण्याची खूण: लॉगिन करून दोन-तीन मिनिटेच झाली तरी पोर्टल बाहेर काढते. फाइल लहान असते, नेटही चांगले असते. पुन्हा प्रयत्न केल्यावर कधी काम होते, कधी नाही. हा दोष अर्जदाराच्या बाजूने दुरुस्त होत नाही. तो विभागाला कळवावाच लागतो.

४. मोबाइलने पान बंद करणे

कमी मेमरीच्या मोबाइलवर ओटीपी पाहण्यासाठी संदेश उघडला किंवा फोटो काढण्यासाठी कॅमेरा सुरू केला, तर मागे राहिलेले पान मोबाइल बंद करू शकतो. परत आल्यावर पान नव्याने उघडते आणि न जतन केलेली माहिती जाते.

ओळखण्याची खूण: संगणकावर अडचण येत नाही, मोबाइलवर येते. तीही ओटीपीच्या किंवा फोटोच्या टप्प्यावरच.

५. एकाच ब्राउझरमध्ये दोन अर्ज उघडणे

सेवा केंद्रात गर्दी असली की एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये दोन अर्जदारांचे अर्ज उघडले जातात. परंतु दोन्ही टॅबची कुकी एकच असते. दुसऱ्याचे लॉगिन झाले की पहिल्याची ओळख पुसली जाते. यात माहिती जाण्यापेक्षा मोठा धोका आहे. एकाची माहिती दुसऱ्याच्या अर्जात जाऊ शकते, आणि त्यात बँक खाते क्रमांक असेल तर लाभाची रक्कम अडकू शकते.

६. अक्षरे आणि चिन्हे

• जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर अर्जात चिकटवला, तर त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात. नेहमी युनिकोड मराठीतच टाइप करावे.
• देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात साधारण तीन बाइट जागा घेते. 'महाराष्ट्र' या शब्दात काना आणि पाय मोडण्याची चिन्हे धरून १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. इंग्रजीत हाच शब्द ११ बाइटमध्ये मावतो. रकान्याची मर्यादा बाइटमध्ये ठरवलेली असेल, तर मराठी पत्त्याचा शेवटचा भाग कापला जातो.
• पत्त्यात अवतरणचिन्ह, टोकदार कंस किंवा 'आणि'साठीचे इंग्रजी चिन्ह असेल, तर सर्व्हरची सुरक्षा प्रणाली अर्ज संशयास्पद समजून परत पाठवू शकते. अशा वेळी ४०३ हा आकडा दिसू शकतो.

७. भाषा किंवा जिल्हा बदलणे

अर्ज अर्धा भरल्यावर वरच्या कोपऱ्यातून भाषा बदलली, तर अनेक पोर्टलवर पान नव्याने उघडते. कर्नाटकात सेवा सिंधू, गुजरातमध्ये डिजिटल गुजरात किंवा तेलंगणात मीसेवा वापरणाऱ्या मराठी भाषकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भाषा सुरुवातीलाच निवडावी. ब्राउझरची आपोआप भाषांतराची सोयही अर्ज भरताना बंद ठेवावी. तसेच जिल्हा बदलला की त्याखालचा तालुका आणि गाव हे रकाने आपोआप कोरे होतात. तो दोष नसून रचनेचा भाग आहे. ते रकाने पुन्हा निवडावेत.

स्क्रीनवरील आकड्यांचा अर्थ

• ४०३: सर्व्हरने विनंती नाकारली. विशेष चिन्हे काढून पाहा, पुन्हा लॉगिन करा.
• ४१३: पाठवलेली माहिती फार जड आहे. फाइल लहान करा.
• ५००: सर्व्हरच्या आत बिघाड झाला. वेळ लिहून ठेवा आणि कळवा.
• ५०२ किंवा ५०४: मागच्या सर्व्हरकडून नीट किंवा वेळेत उत्तर आले नाही. अर्ज नोंदला गेला असण्याचीही शक्यता असते. आधी 'माझे अर्ज' तपासा.
• ५०३: सर्व्हरवर भार जास्त आहे किंवा देखभाल सुरू आहे. काही वेळाने प्रयत्न करा.

कारण कसे शोधावे?

एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्राउझर, नेट आणि फाइल तिन्ही एकदम बदलले, तर नेमके कशामुळे काम झाले हे कळत नाही. पुढील क्रम पाळा.

१. आधी 'माझे अर्ज' किंवा 'अर्जाची स्थिती' पाहा. अर्ज नोंदलेला असेल तर पुन्हा भरू नका. दोनदा अर्ज झाल्यास दोन्ही अडकू शकतात.
२. पूर्ण बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. फक्त पहिला भाग भरून लगेच जतन करा. तो टिकला तर अडचण बहुधा वेळेची आहे.
३. त्यानंतर एकच लहान फाइल जोडून जतन करा. मग दुसरी. ज्या फाइलला अडचण येते ती लहान करा.
४. तरीही माहिती गेली तर तोच अर्ज दुसऱ्या ब्राउझरवर किंवा संगणकावर भरून पाहा. तिथे टिकला तर दोष आधीच्या उपकरणात आहे.
५. दोन वेगळ्या उपकरणांवर, वेगळ्या नेटवर, लहान फाइल असूनही माहिती जात असेल, तर दोष पोर्टलच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त आहे. आता वेळ न दवडता तक्रार नोंदवा.

अर्ज सुरक्षित भरण्यासाठी

• अर्ज भरण्यापूर्वी सर्व माहिती कागदावर किंवा मोबाइलच्या टिपणात लिहून ठेवा. आधार, बँक पासबुक, दाखल्यांचे क्रमांक जवळ ठेवा.
• कागदपत्रे आधीच लहान करून ठेवा. रंगीत फोटोऐवजी स्वच्छ स्कॅन केलेली पीडीएफ बहुधा हलकी असते. मात्र अक्षरे वाचता आली पाहिजेत.
• पोर्टलवर डिजिलॉकरमधून कागद घेण्याची सोय असेल तर ती वापरा. त्यामुळे ते कागद मोबाइलवरून चढवावे लागत नाहीत.
• दर दहा मिनिटांनी किंवा प्रत्येक भाग संपल्यावर जतन करा. मसुद्याचा क्रमांक आला तर लिहून घ्या.
• ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण वापरू नका. अर्जातीलच 'मागे' बटण वापरा.
• 'सादर करा' एकदाच दाबा. पान फिरत राहिले तरी पुन्हा दाबू नका.
• शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा भार कमी असू शकतो.
• सामायिक सेवा केंद्रात अर्ज भरताना मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या. केंद्रचालकाचा क्रमांक दिल्यास पुढचे संदेश तुमच्यापर्यंत येणार नाहीत.

मसुदा म्हणजे अर्ज नव्हे

'जतन झाले' आणि 'सादर झाले' या वेगळ्या पायऱ्या आहेत. जतन केलेला मसुदा फक्त तुमच्या खात्यात असतो. तो तपासणी अधिकाऱ्याकडे किंवा महाविद्यालयाकडे गेलेला नसतो. अर्ज क्रमांक, तारीख आणि 'सादर' अशी स्थिती असलेली पोचपावती हातात आल्याशिवाय केंद्रातून उठू नका. पोचपावतीवरील नाव, बँक खाते आणि पत्ता वाचून पाहा. शब्द कापले गेले असतील तर लगेच दुरुस्ती मागा.

शुल्क कापले, पण अर्ज दिसत नाही?

लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी बँकेच्या किंवा यूपीआयच्या नोंदीत व्यवहार क्रमांक पाहा. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने खात्यातून रक्कम वजा झाली पण घेणाऱ्याकडे व्यवहाराची खातरी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत व्हावी लागते. त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवलेली आहे. रक्कम विभागाच्या खात्यात पोहोचलेली असेल, तर मात्र बँकेऐवजी विभागाच्या मदत कक्षाकडे व्यवहार क्रमांकासह मागणी करावी.

तक्रार कशी लिहावी?

"पोर्टल चालत नाही" एवढेच लिहिले तर तांत्रिक पथकाला काही शोधता येत नाही. सर्व्हरवर प्रत्येक विनंतीची वेळेसह नोंद राहते. तुम्ही नेमकी वेळ दिली तर ती नोंद सापडते. अधूनमधून येणारा दोष शोधण्यासाठी वेळ हाच मुख्य धागा असतो. तक्रारीत पुढील गोष्टी द्या.

• योजनेचे नाव, नोंदणी किंवा मसुदा क्रमांक
• तारीख आणि वेळ, मिनिटासह
• कोणत्या पानावर, कोणते बटण दाबल्यावर माहिती गेली
• लॉगिन केल्यापासून किती वेळ झाला होता
• किती फाइल जोडल्या, त्यांचे एकूण वजन
• मोबाइल की संगणक, कोणता ब्राउझर
• दिसलेला संदेश किंवा आकडा, आणि त्याचा स्क्रीनशॉट
• किती वेळा प्रयत्न केला, त्यात किती वेळा माहिती गेली

नमुना: "मी दिनांक … रोजी सकाळी १० वाजून ४२ मिनिटांनी … योजनेच्या अर्जात बँक तपशिलाच्या पानावर 'जतन करा' दाबले. लॉगिन करून ६ मिनिटे झाली होती. पान कोरे होऊन पुन्हा लॉगिनचे पान आले. दोन संगणकांवर चार वेळा प्रयत्न केला, त्यापैकी तीन वेळा असेच झाले. स्क्रीनशॉट जोडले आहेत. अर्जाची मुदत … रोजी संपत आहे. कृपया दोष दूर करावा आणि माझा अर्ज मुदतीत धरावा."

शेवटची दोन वाक्ये वगळू नका. मुदत संपण्यापूर्वी केलेली लेखी तक्रार हाच तुम्ही वेळेत प्रयत्न केल्याचा पुरावा असतो. मुदतवाढ देणे विभागाच्या हाती आहे, पण पुराव्याशिवाय ती मागणेही कठीण जाते.

तक्रार कुठे करावी?

१. प्रथम त्या पोर्टलच्या मदत कक्षाकडे. तक्रार क्रमांक घ्या. फोनवर बोललात तरी ईमेल किंवा पोर्टलवर लेखी नोंद करा.
२. उत्तर न आल्यास योजना राबवणाऱ्या कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का व तारीख घ्या.
३. केंद्र सरकारच्या योजनांसाठी केंद्रीकृत सार्वजनिक तक्रार निवारण प्रणालीवर, म्हणजे सीपीग्राम्सवर तक्रार करता येते. राज्याच्या योजनांसाठी त्या त्या राज्याचे तक्रार पोर्टल वापरावे.
४. महाराष्ट्रात अधिसूचित सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. त्यानुसार अर्जाची पोच व अर्ज क्रमांक मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे. सेवा वेळेत न मिळाल्यास अपील करता येते.
५. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली तुमच्या अर्जाची कोणती नोंद झाली हे विचारता येते. केंद्रीय कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क नाही. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेलेली माहिती सर्व्हरवरून परत मिळू शकते का?
जतन झालेला मसुदा असेल तर मिळू शकते. जतन होण्यापूर्वीच सेशन संपले असेल, तर माहिती सर्व्हरवर नोंदलेलीच नसते. ती पुन्हा भरावी लागते.

ब्राउझरचा जुना साठा पुसल्याने उपयोग होतो का?
कधीकधी होतो, कारण जुनी कुकी निघून जाते. पण अर्ज अर्धा भरलेला असताना असे करू नका. तुम्ही लॉगिनमधून बाहेर पडाल आणि न जतन केलेली माहिती जाईल.

"तुमचा अर्ज अडकला आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर?
ओटीपी, पासवर्ड किंवा यूपीआय पिन कोणालाही सांगू नका. अर्ज दुरुस्तीसाठी फोनवर ओटीपी देण्याची गरज नसते. पैसे गेल्यास लगेच १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर कळवा.

मला स्वतः अर्ज भरता येत नाही, केंद्रचालकावर अवलंबून आहे. मी काय तपासावे?
तीन गोष्टी: अर्जात तुमचाच मोबाइल क्रमांक आहे का, पोचपावतीवर अर्ज क्रमांक आणि 'सादर' अशी स्थिती आहे का, आणि बँक खाते क्रमांक पासबुकाशी जुळतो का. या तिन्ही गोष्टी पाहून पोचपावतीची छापील प्रत घ्या आणि लाभ मिळेपर्यंत ती जपून ठेवा.